रमाकांत भोईर बोलणार आहे!

सर्व संबंधितांना, काडीचाही संबंध नसणाऱ्यांना आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या गप्पा ऐकणाऱ्यांनाही अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बदलापूरचे रहिवासी श्री. रमाकांत भोईर हे पुढच्या महिन्यात पुण्याला भरणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेत बोलणार आहेत. एकदा नव्हे, दोनदा. सकाळी डेटाबेस या विषयावर, आणि दुपारी, जेवणं होऊन मंडळी पेंगायला लागल्यावर, नोकरीसाठी माणसं कशी निवडावीत या विषयावर. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. परिस्थिती नियंत्रणात आहे. मधे काही दिवस नव्हती, पण आता आहे.

बातमी तुम्हाला साधी वाटेल. जे रमाकांतला ओळखतात त्यांनी मात्र ती ऐकून हातातला कप खाली ठेवला. कारण रमाकांत बोलत नाही. मुका आहे असं नाही, रागीटही नाही. फक्त बोलणं ही गोष्ट दुसऱ्यांनी करायची, असा त्याचा समज आहे. त्याच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा सेक्रेटरीने त्याला आभार मानायला उभं केलं. रमाकांत माइकपाशी गेला. माइककडे निरखून पाहिलं. "चालू आहे ना?" असं विचारलं. सगळ्यांनी एका आवाजात "हो" म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाला आणि जाऊन बसला. सोसायटीच्या इतिहासातलं सर्वांत लोकप्रिय भाषण अजून तेच मानलं जातं.

रमाकांत आणि मी एकाच कंपनीत आहोत. कंपनी म्हणजे अंबरनाथला एका दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला. उल्हासनगरच्या दुकानदारांना बिलं करायचं सॉफ्टवेअर आम्ही देतो. तिथल्या कॅम्प दोन या भागातल्या बाजारात वायर, बांगड्या, पडद्याचं कापड, जे जे विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच दुकानांचं बिल आमच्या सॉफ्टवेअरमधून निघतं. दुकानदारांना भेटणं, शिकवणं, त्यांच्या शिव्या खाणं हे माझं काम. त्यांची सगळी माहिती जिथे साठते तो डेटाबेस सांभाळणं हे रमाकांतचं. बोलायचं मी, सांभाळायचं त्याने, अशी आमची फार सुखाची वाटणी होती.

रमाकांत अंगाने भरलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि काम सॉफ्टवेअरचं असूनही शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. सर्व्हर ठेवलेल्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढतो. डब्यात आईने केलेली सुकट असली की आमच्या शाकाहारी शेठच्या नाकाचा मान राखून गच्चीवर जाऊन जेवतो. गच्चीवर गेला की चार वाक्यं जास्त बोलतो, तीही जमिनीबद्दल. भोईरांची भातशेती होती, तिच्यावर आता टॉवर उभे राहिलेत आणि त्यातल्याच एकात हा राहतो. "माजा आजा जिथं चिखलान उभा ऱ्हायचा ना करमरकर, त्याच्या बरोबर डोक्यावर माजा बेडरूम हाय," असं तो मला एकदा म्हणाला आणि पुढे आठवडाभर काही बोलला नाही.

त्याचा एक शब्द मात्र ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी बसलाय. "कशावरून?" कोणी काहीही सांगो, रमाकांत कानाची पाळी ओढतो आणि विचारतो, "कशावरून?" सर्व्हर हळू चाललाय. कशावरून? दुकानदाराने पासवर्ड बदललाय. कशावरून? खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर एकदा पेढे घेऊन वर आला आणि म्हणाला, "मुलगा झाला, भोईरसाहेब!" रमाकांतचा हात कानाकडे गेला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "कशावरून?" मग त्याच्या लक्षात आलं. मी त्याला लाजताना पाहिला तो तेवढाच. प्रायश्चित्त म्हणून त्याने दोन पेढे खाल्ले.

आणि त्याचा एक नियम होता. "पुसायचं नाय, झाकायचं." डेटाबेसमधली कुठलीही नोंद तो खरोखर कधी काढून टाकत नाही. तिच्यावर फक्त एक खूण करतो, 'झाकलेली' अशी. मग ती दुकानदाराला दिसत नाही, पण असते. नवीन आलेली पोरं या नियमाला हसायची. जागा फुकट जाते म्हणायची. रमाकांत त्यांना काही समजावून सांगत नसे. समजावून सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

आता माणसं निवडण्याबद्दल. मधे आम्हाला एक नवीन डेव्हलपर हवा होता. शेवटी दोघं उरली. एक मुलगा होता, टाय लावून आलेला, इतकं सफाईदार इंग्रजी बोलणारा की शेठ मधेमधे नुसतेच मान हलवून "व्हेरी गुड" म्हणत होते. दुसरी मनीषा गायकवाड, अंबरनाथच्याच बुवापाड्याची. आल्या आल्या म्हणाली, "सॉरी, उशीर झाला, रिक्षावाला भांडत बसला आणि मीपण बसले."

मुलाखतीत रमाकांतचा प्रश्न एकच असतो. "शेवटचं काय बिघडवलंस?"

टायवाला हसला. "सर, आजपर्यंत माझ्या हातून तसं काहीच बिघडलेलं नाही."

"मग काम काय केलंस?" रमाकांत म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मनीषाने मात्र क्षणभरही विचार केला नाही. "दवाखाना बिघडवला," ती म्हणाली. "तुमच्या खालचा नाही, दुसऱ्या एका डेंटिस्टचा. मी आधी त्यांच्याकडे काम करायचे. पेशंटला आठवणीचे मेसेज पाठवायचे होते. माझ्या चुकीने सगळ्या पेशंटना एकच मेसेज गेला, उद्या सकाळी दहा वाजता दाढ काढायला या."

"मग?" शेठ पुढे सरकले.

"मग काय, सगळे आले. जिन्यापासून खाली भाजीवाल्यापर्यंत रांग. मी जिन्यात उभी राहिले आणि एकेकाला हात जोडून सांगितलं, चूक माझी आहे, घरी जा."

"गेले?"

"गेले. दोघांनी मात्र म्हटलं, आता आलोच आहोत तर काढूनच टाका."

शेठ हसून हसून खोकले. रमाकांत हसला नाही. त्याने विचारलं, "जिन्यात तू होतीस? का डॉक्टर?"

"मी. डॉक्टर वर दार लावून बसले होते."

"घ्या हिला," रमाकांत म्हणाला. शेठचा जीव टायमध्ये अडकला होता, पण रमाकांत चपला काढून सर्व्हरच्या खोलीत निघून गेला. तो तिथे गेला की चर्चा संपली असं समजायचं असतं.

या मनीषानेच पुढे परस्पर उद्योग केला. रमाकांतला न विचारता पुण्याच्या परिषदेला त्याचं नाव कळवलं, एका नव्हे, दोन विषयांसाठी, आणि दोन्ही विषय मंजूर झाले! आयोजकांचा फोन आला तेव्हा रमाकांत नुसता "हूं, हूं" करत होता. त्यांना वाटलं तो होकार देतोय. मराठीत बोला, हिंदीत बोला, जसं जमेल तसं बोला, असंही त्यांनी सांगून टाकल्यामुळे इंग्रजीचं निमित्त गेलं. घरी त्याच्या बायकोने, वनितावहिनींनी, तर संध्याकाळच्या आत सगळ्या विंगांना बातमी पोचवली. आता माघार घ्यायची तर बिल्डिंग बदलावी लागली असती.

भाषणात दाखवायला एखादं खरं उदाहरण हवं म्हणून रमाकांतने दुकानांची माहिती साफ करायला घेतली. तिथे त्याला एक गंमत सापडली. जवळजवळ प्रत्येक दुकानात एक विचित्र गिऱ्हाईक होतं. फोन नाही, पत्ता नाही, वर्षातून एकदाच उगवणारं आणि दर वेळी एकच वस्तू घेणारं. नारळ! वायरच्या दुकानातून नारळ, बांगड्यांच्या दुकानातून नारळ, पडद्याच्या दुकानातून नारळ. कुठे नाव 'लक्ष्मी', कुठे 'श्री', कुठे नुसतं 'जे एल'. आणि दर वर्षी सगळ्या दुकानांतली बिलं एकाच संध्याकाळची. रमाकांतला वाटलं, हे माझे, म्हणजे करमरकरचे, प्रताप. दुकानदारांना शिकवताना मी खोटं बिल करून दाखवतो ना, तेच मागे राहून गेलं असणार. त्याने ती सगळी गिऱ्हाइकं झाकून टाकली. आयुष्यभर सगळ्या जगाला "कशावरून?" विचारणाऱ्या माणसाने नेमकं त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. मी हाकेच्या अंतरावर कांदाभजी खात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला माझा फोन वाजला. कॅम्प दोनमधले परसरामदादा. वायरचं जुनं दुकान, बाजारात यांच्या शब्दाला वजन, आणि सिंधी रीतीने समोरच्याला 'साईं', म्हणजे साहेब, म्हणणार.

"करमरकर साईं," ते फार शांतपणे म्हणाले, "आपका कंप्यूटर बोलता है, भगवान है ही नहीं."

मी म्हटलं, "काय?"

"अरे, मैं अगरबत्ती हाथ में लेके खड़ा हूँ. स्क्रीन पे लिखा है, यह ग्राहक अस्तित्व में नहीं है."

मी लगेच पायांत चपला सरकवल्या. कारण मला ठाऊक होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला या बाजारात चोपड्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते, आणि नव्या वर्षाचं पहिलं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने कधीच होत नाही. ते देवाच्या नावाने होतं. कोणी लक्ष्मीच्या नावाने करतं, कोणी सिंध्यांच्या देवाच्या, झूलेलालच्या, आणि देवाला विकायचा तो नारळच. परसरामदादांसारखे जुने लोक रोज सकाळी शटर वर केलं की आधी ते पहिलं बिल स्क्रीनवर उघडतात, त्याला अगरबत्ती ओवाळतात आणि मगच धंद्याला लागतात. रमाकांतने झाकलेली गिऱ्हाइकं ती हीच. एका दुपारी त्याने अख्ख्या बाजाराचे देव झाकून ठेवले होते!

त्यानंतर फोन थांबेचना. एकाने विचारलं, हमारा शगुन किसने मिटाया? दुसरा म्हणाला, भाऊ, बिल नंबर दो से साल शुरू होता है क्या? पडदेवाल्याने तर दुकान उघडायलाच नकार दिला, देव परत येईपर्यंत शटर अर्धं. शेठ स्वतः सिंधी, त्यांच्या घरच्या दुकानातला झूलेलालही गेलेला. ते केबिनमध्ये येरझारा घालत फक्त म्हणत होते, "बाजार जाएगा. पूरा बाजार जाएगा." बाजार गेला असता तर आमच्या मजल्यावर दवाखान्याने दुसरी खुर्ची टाकली असती, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

मी रमाकांतला सांगितलं. त्याने कानाची पाळी ओढली, पण विचारलं काहीच नाही. चपला काढल्या, आत गेला, आणि चहा गार व्हायच्या आत सगळे देव आपापल्या दुकानात परत! पुसलं नव्हतं, झाकलं होतं. जागा फुकट जाते म्हणून हसणारी पोरं भिंतीला टेकून गप्प उभी होती. मी परसरामदादांना फोन केला. "दिख रहा है," ते म्हणाले, आणि पलीकडून घंटी वाजल्याचा आवाज आला. माझ्या छातीवरची वीट उतरली.

रमाकांतच्या मात्र उतरली नाही. तो गच्चीवर जाऊन बसला. सुकट डब्यात तशीच.

"सोमवारी पुन्याला फोन करून नाय सांगतो," तो म्हणाला. "देव कोन, गिराईक कोन, ते कललं नाय मला. मी कसलं डेटाबेसवर बोलनार?"

"अरे, परत आले ना सगळे!" मी म्हणालो.

"परत आले ते नियमाने आले. गेले माज्या हाताने." आणि मग, जरा थांबून, "घरी अजून सांगितला नाय. वनिता नवीन शर्ट घ्यायला निघालीय."

मी जेवढं बोलता येईल तेवढं बोललो, आणि मला पुष्कळ बोलता येतं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात मनीषा वर आली. तिने डब्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सर, बाजारातले लोक अजून विचारतायत, कोणी केलं. शेठ म्हणतायत, सिस्टिमने केलं."

रमाकांतने खिशातला टेस्टर काढला आणि परत खिशात ठेवला.

"मी जिन्यात उभी होते म्हणून तुम्ही मला घेतलंत," ती म्हणाली. "आता तुमचा जिना कॅम्प दोनला आहे. चला."

एखाद्याला हे उद्धट वाटलं असतं. रमाकांतने डबा बंद केला आणि उठला.

शनिवारी आम्ही गेलो. मी, मनीषा, रमाकांत आणि वनितावहिनी, कारण शर्ट घ्यायचाच होता आणि कपडा घ्यावा तर उल्हासनगरात, यावर वहिनी ठाम होत्या. त्यांना पुढच्या भानगडीचा पत्ता नव्हता. वाटेत दुकानादुकानांतून त्या नवऱ्याच्या पाठीला शर्ट लावून बघत होत्या. "ह्यो स्टेजवर चांगला दिसंल. का हा निला घेऊ?" आणि फाशीला निघालेला माणूस म्हणत होता, "हूं."

परसरामदादांच्या दुकानासमोर आम्ही उभे राहिलो. दादा गादीवर, मागे वायरची रंगीत भेंडोळी छतापर्यंत. शेजारचे पडदेवाले आणि बांगडीवालेही कुणकुण लागून आले होते.

"आओ साईं," दादा मला म्हणाले. "अब बताओ, किसने मिटाया? उसको निकाला कि नहीं?"

मी तोंड उघडलं. सवयच आहे. पण रमाकांत माझ्या पुढे झाला.

"मैंने किया," तो म्हणाला. "सिस्टिमने नहीं किया. मैं. भोईर."

पडदेवाला आणि बांगडीवाला एकमेकांकडे बघायला लागले. वहिनींच्या हातात शर्टाची पिशवी तशीच तरंगत राहिली.

"तुमने? क्यों?"

आणि रमाकांत बोलायला लागला! आधी अडखळत, हिंदी मराठीत घसरत, मराठी बदलापूरच्या शेतात घसरत. नारळाच्या बिलाला त्याने काय समजलं, का समजलं, कोणाला विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, सगळं सांगितलं. "दिवाली मेरे घर में भी आती है दादा, पर मैं कभी आपके दुकान में नहीं आया. अंबरनाथ में बैठके आपकी दुकान देखता था. ये मेरी गलती."

"लेकिन गया तो वापस कैसे आया?" पडदेवाल्याने विचारलं.

रमाकांतने इकडेतिकडे पाहिलं. गादीवरचं फडकं उचललं आणि पुढच्या लाल भेंडोळ्यावर टाकलं. "ये किधर गया?"

"इधर ही है, फडके के नीचे."

"बस! मैं इतना ही करता है. कचरा हो, तो भी फेंकता नहीं, ढकता है. क्यों? क्योंकि आज मैं जिसको कचरा बोलता है, वो कल किसी का भगवान निकलेगा. मेरे को क्या मालूम?" त्याने फडकं ओढलं. लाल भेंडोळं जागेवर होतं. बांगडीवाल्याने चक्क टाळी वाजवली आणि मग तो ओशाळला.

आता माणसं थांबायला लागली होती. समोरचा ज्यूसवाला मशीन बंद करून ऐकत होता. कोणी विचारलं, उद्या परत असं झालं तर? रमाकांतने सांगितलं की पहिल्या बिलावर दुकानदार स्वतःच कुलूप लावील, ते उघडायचा अधिकार खुद्द रमाकांतलाही नसेल, शेठनाही नसेल. कसं लागेल ते त्याने गल्ल्याच्या खणाला हात लावून समजावलं. दादांनी विचारलं, आणि तुमच्या माणसाने चूक लपवली तर? मग आलं मनीषाचं दाढेचं प्रकरण. सगळी रांग, भाजीवाला, दार लावून बसलेला डॉक्टर, आलोच आहोत तर काढून टाका म्हणणारे ते दोघे. मनीषा लाल झाली. बाजार गडगडून हसत होता. "होशियार तो बहुत आते हैं, दादा," रमाकांत म्हणाला, "मैं देखता है, बिगड़ने के बाद कौन जिने में खड़ा रहता है." पुण्याची दोन्ही भाषणं, सकाळचं आणि दुपारचं, वायरच्या गादीपुढे उभ्या उभ्या होऊन गेली. ज्यूसवाल्याचं एक गिऱ्हाईक ग्लास न पिताच ऐकत उभं होतं.

परसरामदादांनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून गादीखालून एक नारळ काढला, खराखुरा, शेंडीवाला, आणि रमाकांतच्या हातात ठेवला. "इसका बिल नहीं बनेगा," म्हणाले. "पूना में भी यही बोलने वाले हो?"

रमाकांतने माझ्याकडे पाहिलं. मनीषाकडे पाहिलं. एका हातात नारळ, दुसरा हात कानाकडे निघालेला तो अर्ध्यातच थांबला.

"हो," तो म्हणाला. "बोलतो की. सोमवारी फोन नाय करत."

मी इतका मोठा श्वास सोडला की दादांच्या गादीवरचे कागद हलले असावेत. मनीषाने वर तोंड करून डोळे मिटले. ज्यूसवाल्याने मशीन चालू केलं, पडदेवाला आपल्या दुकानाकडे वळला. नारळ धरून उभा असलेला, घामाने भिजलेला, मिशीत कुठेतरी हसणारा तो रमाकांत मला अजून दिसतो. आणि त्याच्या मागे, निळ्या शर्टाची पिशवी छातीशी धरून, मघापासून तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या वनितावहिनी. त्यांना बाजार, गिऱ्हाईक, देव, परिषद, कशाचंच भान राहिलं नव्हतं. भर कॅम्प दोनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अवो! एवरं बोलता येतं तुमाना, आन् घरान इतकी वर्सां नुसतं 'हूं'?"